एक वीत पाण्याचा हिशोब: मौदा-रामटेक पट्ट्यातल्या एका मामा तलावाचं प्रकरण

नागपूरहून भंडाऱ्याकडे जाताना मौदा आणि रामटेक यांच्या मधल्या धानपट्ट्यात एक माजी मालगुजारी, म्हणजेच ‘मामा’, तलाव आहे. पूर्ण भरला की पाणी साधारण २० हेक्टरवर पसरतं. दक्षिणेला मातीची जुनी पाळ, तिच्या एका टोकाला सांडवा. उत्तरेला तलावाला काठ असा नाहीच, तो हळूहळू उथळ होत शेतांमध्ये मिसळून जातो. हिवाळ्यात याच बाजूला तलवार बदकं, चक्रांग, थापट्या आणि वारकरी उतरतात, कडेच्या चिखलात टिलवे-तुतवार चरतात. मासेमारी धीवर समाजाच्या सहकारी संस्थेकडे, पाणी खालच्या धानशेतीला. तलावाचं नाव इथे देत नाही, कारण सांडव्याच्या उंचीवरून वरच्या आणि खालच्या शेतकऱ्यांमध्ये अजून बोलणी चालू आहेत.

तलावाचा गाळ काढायचं ठरलं होतं. कागदावर बाब एकच: तलावाच्या पोटात सरसकट १ मीटर खोदाई, मोजमाप घनमीटरमध्ये, गाळ शेतकऱ्यांनी न्यायचा. २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आल्यापासून अशी कामं गावोगाव झाली आहेत आणि त्यांतून शेतांना चांगली माती मिळाली हे खरं आहे. गावातल्या काही तरुणांनी आणि धीवर संस्थेनं आमच्याकडे एवढीच विचारणा केली होती की खोदल्यावर पाखरांचं आणि मासोळीचं काय होईल, ते आधी सांगता येईल का? सांगता येतं. त्यासाठी तलावाचा तळ वितीच्या हिशोबानं मोजावा लागतो. तो कसा मोजला आणि त्यातून काय निघालं, ते या टिपणात सविस्तर देतो आहे.

उथळ पाणी म्हणजे नेमकं किती

टिलव्यासारख्या छोट्या चिखलपाखरांना ओला चिखल किंवा फार तर ५ सेंटिमीटर पाणी लागतं. पृष्ठभागावर चरणाऱ्या बदकांना १० ते ३० सेंटिमीटर पाणी मानवतं, कारण मान बुडवून तळाशी चोच पोचली पाहिजे. कमळ त्याहून खोल पाण्यात. देवधानाला, म्हणजे आपल्या धानाच्या रानटी भावंडाला, आधी उघडा ओला चिखल आणि मग सावकाश चढणारं पाणी लागतं. या सगळ्यांमधलं अंतर एका वितीचं, फार तर हातभराचं. त्यामुळे पाणथळ जागेत ‘तलाव किती खोल आहे’ यापेक्षा ‘कुठल्या ठिकाणी किती खोलीचं पाणी वर्षातले किती दिवस राहतं’ हा प्रश्न जास्त महत्त्वाचा. या दिवसांच्या संख्येला आम्ही जलावधी म्हणतो. तलाव वर्षभर कसा भरतो-उतरतो याचा संगणकावरचा हिशोब, म्हणजे आमचं सगळं मॉडेल, या एका आकड्यासाठी आहे.

या तलावाच्या उत्तर काठाचा उतार साधारण २०० मीटरला १ मीटर. म्हणजे ० ते २५ सेंटिमीटर खोलीचं पाणी तिथे ५० मीटर रुंदीच्या पट्ट्यात पसरलेलं असतं. पाणी महिन्याभरात एक वीत उतरलं की हा पट्टा तसाच्या तसा ४०-४५ मीटर आत सरकतो, मागे ताजा चिखल उघडा पडतो आणि पाखरं पट्ट्याबरोबर पुढे सरकतात. आता याच काठाला पोकलेननं १ मीटर खोदलं आणि बाजू २ आडवं : १ उभं अशी सोडली, तर २५ सेंटिमीटरपर्यंतच्या पाण्याचा पट्टा किती उरतो? अर्धा मीटर. ५० मीटरचा अर्धा मीटर होतो आणि तो हंगामभर एकाच जागी अडकून पडतो. साठा वाढतो, त्यात शंका नाही. पण ताटाची वाटी झाली की ताटात जेवणाऱ्यांची सोय राहत नाही.

एवढं गणित कागद-पेन्सिलीनंही होतं. मॉडेल लागलं ते पुढच्या प्रश्नांसाठी: मग खोदायचं कुठे, किती, आणि पाणी कुठल्या वाटेनं फिरतं?

उपग्रहाच्या नकाशात तलावाचा तळ नसतो

कामाच्या फाइलमध्ये उंचीचा एक रंगीत नकाशा जोडलेला होता, एसआरटीएमच्या मोफत मिळणाऱ्या माहितीवरून केलेला. ही माहिती फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून रडारनं घेतलेली. जलसंधारणाच्या कितीतरी आराखड्यांमध्ये ती वापरतात. पाणलोटाची हद्द काढायला, ओढे कुठून येतात ते बघायला ती चांगलीच आहे. पण तलावाच्या पोटासाठी ती निरुपयोगी, आणि याची कारणं नीट समजून घ्यायला हवीत. एक तर फेब्रुवारीत आपल्याकडचे तलाव निम्मे तरी भरलेले असतात आणि रडार पाण्याच्या खाली बघू शकत नाही. म्हणजे तिथे नोंदलेली उंची ही त्या दिवशीच्या पाण्याच्या पृष्ठभागाची. दुसरं, उंची पूर्ण मीटरमध्ये दिलेली असते. जिथे आपला सगळा प्रश्न विती-दोन वितींचा आहे, तिथे मीटरच्या पायऱ्यांचा काय उपयोग? शिवाय त्यातली चूक काही मीटरपर्यंत जाते.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती फार ठिकाणी दिसते. ओढ्यांचं जाळं काढणारी सॉफ्टवेअर पहिल्या पायरीलाच ‘खड्डे भरून घ्या’ असं सुचवतात, म्हणजे पाणी वाहतं राहील. डोंगराळ पाणलोटात ते ठीक आहे. पाणथळ जागेत मात्र जमिनीतला खोलगटपणा हाच तर विषय असतो. ते बटण दाबलं की म्हशींचे लोळणीचे डबके, जुन्या खोदाईचे खड्डे, काठावरची पाणथळ खळगी, सगळं नकाशावर सपाट होतं आणि आपण ज्याचा अभ्यास करायला निघालो तेच पुसलं जातं.

म्हणून तळ नव्यानं मोजला. उन्हाळ्यात उघडा पडलेला भाग ड्रोननं टिपला. जिथे बेशरम माजली आहे तिथे ड्रोनचा फोटो पानांचा शेंडा दाखवतो, जमीन दाखवत नाही. तिथे आत शिरून, झुडपं बाजूला करून, डम्पी लेव्हल (समतल बघायची दुर्बीण) आणि स्टाफ (खुणांची उभी पट्टी) घेऊन उंची घेतली. पाण्याखालचा भाग डोंग्यातून, खुणा केलेल्या बांबूनं. वनस्पतींनी भरलेल्या दीड मीटर पाण्यात ध्वनिलहरींच्या यंत्रापेक्षा बांबू जास्त विश्वासाचा असतो, कारण यंत्र हायड्रिलाच्या शेंड्यालाच तळ समजून बसतं. सगळ्या मोजमापांसाठी टीबीएम, म्हणजे उंची मोजायची तात्पुरती आधारखूण, एकच, पाळीजवळच्या देवळाच्या ओट्यावर. जीपीएसची उंची पृथ्वीच्या गणिती आकारावरून येते आणि समुद्रसपाटीवरची उंची वेगळी. आपल्या भागात या दोन्हींत काही दहा मीटरचा फरक पडतो. दोन पथकांनी दोन पद्धती मिसळल्या तर तलाव डोंगरावर जाऊन बसतो. एका ओट्याला बांधून घेतलं की हा घोळ होत नाही.

उत्तर काठासाठी एक स्वस्त आणि खात्रीची युक्ती वापरली, ती इतरांनीही वापरावी. स्थिर पाण्याची कड म्हणजे त्या दिवशीची समतल रेषा. सेंटिनेल-२ उपग्रहाची मोफत छायाचित्रं दर काही दिवसांनी मिळतात, त्यांचा एक ठिपका १० मीटरचा. २०० ला १ उतारावर १० मीटर म्हणजे उंचीत फक्त ५ सेंटिमीटर. त्या दिवशी तलावातल्या पट्टीवर पाण्याची पातळी किती होती हे माहीत असेल, तर दिवाळीपासून होळीपर्यंतच्या छायाचित्रांतून पाच-पाच सेंटिमीटरच्या रेषा आपोआप मिळतात. अट एकच, पट्टी रोज वाचली गेली पाहिजे. ते काम धीवर संस्थेच्या एका सभासदानं केलं आणि मनापासून केलं.

रपट्याखालचं नळकांडं

या प्रकरणातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग हा आहे, म्हणून इथे थोडा जास्त वेळ थांबतो.

तलावाच्या ईशान्येला एक फाटा आहे, दोन-तीन हेक्टरचा, गवताळ. नकाशावर तो मूळ तलावाचाच भाग. मधून शेतात जाणारा पांदण रस्ता जातो, हाच तो रपटा. रस्ता भर घालून थोडा उंच केलेला, आजूबाजूच्या जमिनीपेक्षा दोन-तीन विती वर. त्याच्या पोटात सिमेंटचा एक ह्यूम पाइप. उपग्रहाच्या नकाशात हा रस्ता दिसतच नाही. ड्रोनच्या नकाशात दिसतो, पण पाइप दिसत नाही, त्यामुळे तिथे फाटा कायमचा तुटलेला. दोन्ही चित्रं चुकीची.

धीवर काकांना विचारलं तर त्यांनी लगेच सांगितलं, “रपट्याच्या त्या बाजूले पाणी पोळा झाल्यावरच जाते, भाऊ. आंधी नाही जात. माह्या बापाच्या टायमाले मिरगातच जाये.”

पाइपच्या तळाची उंची घेतली. ती दोन्ही बाजूंच्या जमिनीपेक्षा साधारण ३० सेंटिमीटर वर निघाली. पाइप टाकणाऱ्यानं खाली खडी-मुरमाचा चांगला थर दिला, पाइप पक्का बसला, रस्त्याचं काम उत्तम झालं. पण फाट्यासाठी ३० सेंटिमीटरचा उंबरठा तयार झाला. तलाव तेवढा चढेपर्यंत मुख्य पाणी फाट्यात जात नाही. त्याला स्वतःच्या बाजूच्या शेतांचं थोडं पाणी मिळतं, बाकी वाट बघावी लागते.

उशीर झाला तर काय बिघडतं? मरळ, मागूर आणि बारीक देशी मासोळ्या पहिल्या मोठ्या पावसाबरोबर उथळ, नुकत्या बुडालेल्या गवताकडे चढतात आणि तिथे अंडी घालतात. त्या वेळी हा फाटा कोरडा किंवा तुटलेला असतो. पोळ्याला, म्हणजे ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरात, पाणी मिळून उपयोग नाही, हंगाम निघून गेलेला असतो. काकांच्या एका वाक्यात हे सगळं होतं, आम्ही फक्त त्याला सेंटिमीटर लावले.

उपाय सरळ वाटतो: पाइप खाली घ्या. मॉडेलमध्ये तो खाली घेऊन वर्ष चालवून बघितलं, तेव्हा दुसरी बाजू समोर आली. पावसाळ्यात फाटा लवकर भरतो, ठीक. पण तलावाची पातळी उतरू लागली की फाट्यातलं पाणीही त्याच नळानं परत निघून जातं. आज तो उंबरठाच हिवाळ्यात फाट्यात वीत-दीड वीत पाणी धरून ठेवतो. आपल्याकडे थंडीत तलावाच्या पृष्ठभागावरून रोज ३ मिलिमीटरच्या आसपास बाष्पीभवन होतं, म्हणजे ३० सेंटिमीटर पाण्याला आटायला तीनेक महिने लागतात. स्थलांतरित बदकांच्या मुक्कामाला हेच पाणी उपयोगी पडतं. जो उंबरठा माशांची वाट अडवतो, तोच पाखरांचं पाणी राखतो.

म्हणून नुसता पाइप खाली घेण्याऐवजी तिथे छोटी चौकोनी मोरी सुचवली, तळ जमिनीच्या पातळीला, आणि दोन्ही बाजूंना बर्ग्यांसाठी, म्हणजे पाणी अडवायच्या काढत्या-घालत्या फळ्यांसाठी, खाचा. कोल्हापुरी बंधाऱ्याला लावतात तसेच बर्गे, फक्त लाकडी आणि हातभर उंचीचे. मे अखेर ते काढायचे, दसऱ्यानंतर लावायचे. त्याआधी फाट्यात वाढलेली पिल्लं मुख्य तलावात उतरायला आठ-दहा दिवस मोरी मोकळी ठेवायची. बर्गे लावायचे-काढायचे कोणी, हे संस्थेच्या ठरावात लिहून घेतलं आहे. ते लिहिलेलं नसेल तर असा बर्गा दुसऱ्या वर्षी सरपणात जातो.

पाण्याचा जमाखर्च

आमच्या क्षेत्रात द्विमितीय मॉडेलचं आकर्षण फार आहे. संगणकावर पाणी पसरताना दिसतं, बैठकीत छाप पडते. माझं मत असं की अशा तलावासाठी वर्षातले बहुतेक दिवस साधा तक्ता पुरतो: कुठल्या पातळीला किती क्षेत्र, किती साठा, रोज पाऊस किती, आवक किती, बाष्पीभवन आणि पाझर किती. पाणी स्थिर असताना ते सगळीकडे एकाच पातळीत असतं, तिथे वेगाची समीकरणं सोडवून काही नवं कळत नाही. द्विमितीय गणित आम्ही दोनच गोष्टींसाठी वापरलं: रपट्यातून पाणी आत-बाहेर कसं होतं, आणि मोठ्या पावसात सांडव्यावर किती येतं. त्यासाठी हेक-रास हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं आणि त्यात मोठ्या चौकटीच्या आतला बारीक उंचसखलपणाही हिशोबात धरता येतो, म्हणून साधा लॅपटॉप पुरला.

आवक काढताना काळ्या मातीचा स्वभाव लक्षात ठेवावा लागतो. नेहमीच्या वक्रांक पद्धतीत जमिनीला एक अंक देऊन पावसातलं किती पाणी वाहून येईल ते काढतात. अशा शेतांचा अंक ८५ धरला, तर २५ मिलिमीटर पावसातून जेमतेम ४ मिलिमीटर पाणी वाहून येतं, पण १०० मिलिमीटरमधून ६१. पाऊस चौपट, वाहणारं पाणी जवळपास पंधरा पट. त्यामुळे वर्षाच्या सरासरी पावसावर तलावाचा आराखडा करू नये. तलाव मोजक्या मोठ्या पावसांवर भरतो. आणि मृग-आर्द्रात हा अंकही पुरता लागू पडत नाही, कारण उन्हाळ्यात हातभर खोल फाटलेल्या भेगा आधी पाणी पितात आणि माती फुगून त्या मिटल्याशिवाय ओढा वाहू लागत नाही. रोजच्या पट्टीवरून मॉडेल जुळवताना जूनचा अंक वेगळा आणि बराच खाली ठेवावा लागला, तेव्हा कुठे तलाव भरण्याच्या तारखा बसल्या.

उलट हिवाळ्यात पातळी बाष्पीभवनाच्या हिशोबापेक्षा सावकाश उतरत होती. म्हणजे कुठून तरी पाणी येत होतं. वरच्या अंगाला धानाच्या बांध्या आहेत आणि हा भाग पेंचच्या कालव्यांचा; शेतांत मुरलेलं पाणी जमिनीखालून हळूहळू तलावात येतं. ही आवक कोणाच्याच एस्टिमेटमध्ये नव्हती. उद्या वरची शेतं धान सोडून दुसऱ्या पिकाकडे गेली, तर तलाव महिनाभर आधी आटू शकतो. मे महिन्यात बाष्पीभवनच महिन्याला वीतभर पाणी नेतं, तेव्हा एवढा फरक माशांच्या जिवावर बेततो.

खोदाईचा बदललेला नकाशा

जलावधीचा नकाशा तयार झाल्यावर ‘सरसकट १ मीटर’ ही बाब टिकली नाही. काठाचा उथळ पट्टा पूर्ण वगळला. खोदाई मध्यभागी, जुन्या ओढ्याच्या पात्राच्या रेषेत, एका लांबट डोहापुरती. तिथे उन्हाळ्यात माशांना आसरा मिळेल इतकं पाणी उरतं. बाजूचे उतार १० ला १ किंवा त्याहून सपाट. पाळीच्या पायथ्यापासून अंतर सोडलं, कारण तिथे खोदून पाळी कमकुवत झालेले तलाव विदर्भात पुष्कळ आहेत. आणि गाळाच्या खाली जुनी चिकणमाती लागताच थांबायचं. तो थर फोडून मुरमात गेलं की तलाव गळू लागतो. गाळ काढल्यावर पाणी टिकेना अशी तक्रार ज्या गावांतून येते, तिथे बहुतेक वेळा हेच झालेलं असतं.

वरचा वीतभर थर वेगळा काढून काठावर परत पसरायचा, हेही अटीत घातलं. देवधान, लव्हाळे, पोयणी यांचं बी त्या थरात असतं. तो सगळा शेतात गेला तर तलाव पुन्हा हिरवा होतो खरा, पण बेशरम आणि पाणकणसानं. बेशरम पाणी उतरल्यावर मुळासकट उपटायची आणि काड्या ओल्या मातीत पडू द्यायच्या नाहीत, पडलेली काडी तिथेच रुजते.

ठेकेदाराला घनमीटरवर पैसे मिळतात, तेव्हा कमी खोदा, उतार राखा, थर वेगळा ठेवा हे त्याला परवडत नाही. म्हणून उतार तासून देणं आणि थर परत पसरणं या स्वतंत्र बाबी धरल्या, चौरस मीटरवर. मोजणी लेव्हल लावूनच. ही छोटी कारकुनी दुरुस्ती झाली नसती तर बाकीचा अभ्यास फाइलीतच राहिला असता.

कायद्याचा आधार इथे तोकडा आहे. २०१७ च्या पाणथळ जागा नियमांच्या व्याख्येतून सिंचनासाठी बांधलेले जलसाठे वगळले आहेत, आणि मामा तलाव सरकारी दृष्टीनं सिंचनाचेच. गोंड राजवटीत कोहळी समाजानं बांधलेले, पुढे मालगुजारांकडे आलेले हे तलाव, नागपूर मध्य प्रदेशची राजधानी असताना १९५०च्या कायद्यानं मालगुजारी गेली तेव्हा सरकारकडे आले. त्यांत पाखरं, मासे, देवधान, शिंगाडा यांचं काय आहे हे नोंदवायला रकानाच नाही. जोवर तो नाही, तोवर गावाचा ठराव आणि एस्टिमेटमधली बाब हीच खरी संरक्षणाची साधनं.

सांडव्याचा न सुटलेला प्रश्न

खालचे शेतकरी म्हणतात, सांडवा १५ सेंटिमीटर वाढवा. २० हेक्टरवर १ सेंटिमीटर पाणी म्हणजे २० लाख लिटर. १५ सेंटिमीटर म्हणजे ३० हजार घनमीटर, कालव्यातली गळती सोडली तर सुमारे ३० हेक्टर धानाला १० सेंटिमीटर पाण्याची एक पाळी. ऑक्टोबरात लोंबी भरताना पाऊस दडी मारतो, त्या वेळी ही एक पाळी पीक वाचवते. मागणी रास्त आहे. वरच्या बाजूला मात्र २०० ला १ उतारावर १५ सेंटिमीटर म्हणजे ३० मीटर रुंदीची पट्टी जास्त बुडेल, आणि त्या पट्टीत काहींची गाळपेर, म्हणजे पाणी उतरल्यावर पेरायची, जमीन आहे. त्यांचीही कुटुंबं त्यावर जगतात. शिवाय भरल्या पाण्याच्या वर पाळीची जी मोकळी उंची उरते, ती तेवढी कमी होते. सप्टेंबर २०२३ मध्ये नागपुरात एका रात्री काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. तशी रात्र या पाणलोटात आली तर मोकळी उंची १५ सेंटिमीटरनं कमी झालेली पाळ चालेल का, हे तपासल्याशिवाय सांडव्याला हात लावू नये असं आम्ही लिहून दिलं आहे.

मधला मार्ग म्हणून कायमची भिंत न चढवता सांडव्यावरही बर्गे लावण्याचा विचार चालू आहे, मोठ्या पावसाचा धोका टळल्यावर, म्हणजे ऑक्टोबरात. तेव्हा तलाव पूर्ण भरलेला असेल तर मागाहून येणारं पाणी अडेल. नसेल तर फायदा नाही. मॉडेलमध्ये गेल्या वर्षांचा रोजचा पाऊस घालून, किती वर्षांत तो फायदा झाला असता हे काढण्याचं काम सध्या चालू आहे. बुडणाऱ्या पट्टीचे गट क्रमांक नकाशावर टाकून झाले आहेत. पुढची ग्रामसभा दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांसमोर हा नकाशा ठेवून होईल, आणि धीवर संस्थेनं तोवर पट्टी रोज वाचत राहायचं कबूल केलं आहे.